कोरडा फ्लॅश

अण्णांचा कॅमेरा बिघडलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना कुणालाही वाटेल की वस्तू मोडकीतोडकी होती, मुलीने हौसेने तिला नवं रूप दिलं आणि त्यात थोडं इकडचं तिकडे झालं. तसं काही नव्हतं. कॅमेरा ठणठणीत होता. मी तो उघडला, त्याच्या पोटातलं सगळं बाहेर काढलं आणि तिथे दुसरंच काहीतरी बसवलं. आणि हे सगळं मी अगदी शहाण्यासारखं, चष्मा पुसून पुसून केलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. कामशेतच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मागे आमचं घर आणि मधे बिनखिडकीची एक खोली, जिच्यात लाल दिवा लावून फोटो धुतले जायचे. दुकानात एक पडदा होता, त्यावर रंगवलेला जिना आणि जिन्याच्या कडेला गुलाबांच्या कुंड्या. मावळातल्या किती जणांनी आयुष्यात एकदाच जिन्यापाशी उभं राहून घेतलं असेल, आणि तोही खोटा, कोण जाणे.

कॅमेरा जपानी होता. दोन भिंगं, एकावर एक. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. तो डोळ्याला लावायचा नसे. छातीशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं, की समोरचं माणूस त्या काचेत दिसायचं. त्यामुळे फोटो काढताना अण्णा समोरच्यापुढे मान लववून उभे आहेत असं वाटायचं. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका त्याने अवघडून जायच्या. एकीने तर उठून उलट अण्णांच्याच पाया पडायला सुरुवात केली होती.

कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला एक छोटं हँडल होतं. फोटो निघाला की ते पुढे फिरवून मागे आणायचं, म्हणजे आतला रोल सरकायचा आणि पुढच्या फोटोची जागा तयार व्हायची. त्याचा आवाज यायचा. पुढे जाताना कर्र, आणि जागेवर बसताना एक छोटासा कट्. शटरचा आवाज इतका बारीक की लग्नाच्या मांडवात तो कुणाला ऐकू येत नसे. ही कर्र मात्र ऐकू यायची. आमच्या घरात फोटो निघणं म्हणजे ही कर्र वाजणं.

एका रोलमध्ये बारा फोटो बसायचे. लग्न म्हटलं की दोन रोल, फार तर तीन. आणि लग्नात माणसं किती! नवऱ्यामुलाचे मित्र, मुलीच्या मावशा, सरपंच, सरपंचांचे पाहुणे, आणि प्रत्येकाला वाटायचं की आपला एक निघालाच पाहिजे. नाही म्हणायची सोय नव्हती, गावात परत जायचं असायचं. त्यावर अण्णांनी आणि त्यांच्यासारख्या सगळ्याच फोटोवाल्यांनी एक तोड काढली होती. फ्लॅशला मागे एक लाल बटण असतं. ते दाबलं की कॅमेऱ्याला हात न लावता नुसता उजेड पडतो. लख्ख उजेड, माणसाचे डोळे दिपलेले, अण्णा मान खाली घालून उभे. माणूस खूश आणि रोल शाबूत. अण्णा याला कोरडा म्हणायचे. खरा फोटो तो ओला, कारण तो पुढे पाण्यात धुतला जायचा.

हा शब्द घराबाहेर काढायचा नाही, अशी आम्हा पोरांना ताकीद होती. पुढे महिन्याभराने कुणी फोटो मागायला आलं, तर अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं. "अरे, तुझा चांगला आला होता, पण डोळे मिटले होतेस. मग कशाला धुवायचा?" माणूस स्वतःवरच चिडून जायचा. सुदुंबऱ्यात एका लग्नात अण्णांनी इतके कोरडे मारले होते की त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवला तर त्या दिवशी निम्म्या गावाने डोळे मिटलेले असणार. मला हे सगळं फार मजेचं वाटायचं. शाळेत मैत्रिणींना मी बोटाने कोरडे मारायची आणि एकटीच हसायची.

आई त्या मधल्या खोलीत फोटो धुवायची. अण्णा रसायनातून काढून देणार आणि आई ते पाण्याच्या घमेल्यात हलवत बसणार, मग तारेला चिमट्याने लावणार. ती वडिवळ्याची, भाताच्या खाचरात वाढलेली. तिला पाण्यात तासन्‌तास हात ठेवायचं काही वाटायचं नाही. तिच्या बोटांना हायपोचा, म्हणजे त्या रसायनाचा, वास असायचा, भाकरीलाही कधी कधी यायचा.

दिवाळीच्या पाडव्याला आई अण्णांना ओवाळायची. अण्णा ताटात काहीतरी टाकायचे आणि मग म्हणायचे, "चल, तुझी खरी ओवाळणी." आई हात पुसून दुकानात यायची, त्या रंगवलेल्या जिन्यापुढे लाकडी खुर्चीवर बसायची. पदर नीट करायची, हनुवटी थोडी वर. अण्णा छातीशी कॅमेरा धरून मान खाली घालायचे. "हां... हलू नको... हां." लख्ख. "झालं." आई उठून चुलीकडे जायची. दर पाडव्याला हे व्हायचं, आणि दर पाडव्याला मी दारात उभी राहून ते बघायची.

आईचा एकही फोटो घरात नव्हता. लहानपणी हे लक्षातच आलं नाही. मोठी झाल्यावर एकदा विचारलं, तर अण्णा म्हणाले, "अगं, घरचं काय, कधीही काढता येईल." हे उत्तर माझ्या प्रश्नाचं नव्हतं. पण मी त्या वयात होते जेव्हा मुलींना आईचे फोटो नको असतात, स्वतःचे हवे असतात.

पुढे रंगीत रोल आले, मग डिजिटल आले, मग सगळ्यांच्या खिशात कॅमेरे आले. अण्णांनी दुकान बंद केलं. ती जागा मोबाईलवाल्याला भाड्याने दिली आणि दोन वर्षांतच ते गेले. कॅमेरा मात्र राहिला, तोही आईमुळे. आमच्याकडच्या हवेत भिंगांना बुरशी धरते. लोणावळ्यात तर चामडी चपलेलाही धरते. अण्णा पावसाळ्यात कॅमेरा धोतराच्या फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचे, तांदूळ ओल ओढून घेतो म्हणून. अण्णा गेल्यावरही आई ते करत राहिली. दर ज्येष्ठात कॅमेरा तांदळात, दर दसऱ्याला बाहेर, पुसून, हळदकुंकू वाहून. माहेरहून येणारा इंद्रायणी तांदूळ ती कॅमेऱ्यासाठी वेगळा काढायची. मी तिची थट्टा करायची, की अण्णांनाही तू एवढा जुना तांदूळ कधी वाढला नाहीस.

मधल्या काळात तिला काचबिंदू झाला. उशिरा कळलं. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. शेवटी शेवटी तिला उजेड कुठल्या बाजूला आहे तेवढं कळायचं. तरीही कॅमेरा तांदळात जायचा. त्याची काच पुसताना तिची बोटं मी पाहिली आहेत. दिसणाऱ्या माणसाने इतकी स्वच्छ पुसली नसती.

एका पाडव्याला मी माहेरी गेले होते. मी लोणावळ्याला असते, अर्ध्या तासाचं अंतर, पण सण असल्याशिवाय जाणं होत नाही. अण्णांच्या फोटोला हार घातला. आई खाली बसून होती. अचानक म्हणाली, "त्यो कॅमेरा चालतो का गं आजून?"

"चालत असेल. का?"

"त्यातनं माझा एक काढ."

मी हसले. म्हटलं, "एवढ्या वर्षांत आज कसं सुचलं?"

"त्ये म्हनायचे, तू डोळं मिटलंस. आता मिटल्यालंच हायेत. आता काढायला काय हरकत?" आणि तीही हसली. मग म्हणाली, "भिंतीवर त्यांच्या शेजारी लावशीला ना मला? तर त्यो त्यांच्याच कॅमेऱ्यातला पायजे. मोबाईलचा नगं. आधार कार्डावरचा तर न्हाईच न्हाई."

आईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. साडी घेऊन गेलं तर म्हणायची, आधीचीच नेसून झाली न्हाई. आणि ही एक गोष्ट तिने तोंड उघडून मागितली. ती मला करता येण्यासारखी होती, सोपी होती, आणि तीच मी अवघड करून ठेवली.

कारण मला कॅमेऱ्यातलं कळतं, असं मला वाटत होतं. मी आयटीआय करून तळेगावच्या एका कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात नोकरी घालवली. सोल्डरिंगचा हात चांगला आहे, सुपरवायझर तसं म्हणायचे आणि मी ते कधी विसरले नाही. निवृत्त झाल्यावर वेळच वेळ होता. मोबाईलवर व्हिडिओ बघायची सवय लागली होती, आणि त्यात मला दिसलं की जगात ठिकठिकाणी लोक जुन्या रोलच्या कॅमेऱ्यांत डिजिटलचं काळीज बसवतात. स्वस्तातल्या डिजिटल कॅमेऱ्याचं पोट फाडायचं, त्यातली ती उजेड टिपणारी छोटीशी चकती काढायची, आणि जिथे रोल असायचा तिथे बरोबर नेमून बसवायची. बाहेरून आजोबांचा कॅमेरा, आतून आजचा.

नवरा म्हणाला, "रोल मागव की ऑनलाइन. मिळतो अजून. पुण्यात धुऊन देणारेही असतील."

मी म्हटलं, "आणि रोल खराब निघाला तर? आईला परत बसवायचं? यात लगेच दिसतं, आला की नाही."

"कुणाला दिसतं?" तो म्हणाला.

त्याला असं बोलायची खोड आहे. मी दुर्लक्ष केलं. आता वाटतं, आमच्या संसारात तो एवढं नेमकं फार क्वचित बोलला असेल.

थंडीभर मी ते काम केलं. दुपारी जेवण झालं की गॅलरीत टेबल मांडायचं. मग कॅमेरा उघडला. आत धुळीचा कण नव्हता. दात्यांच्या चक्रांना अण्णांनी लावलेलं तेल अजून होतं. पडदा, काच, चक्रं, सगळं आपापल्या जागी इतकं नेमकं बसलेलं होतं की क्षणभर झाकण लावून टाकावंसं वाटलं. पण टेबलावर दुसरीकडे तो फाडलेला डिजिटल कॅमेरा पडला होता, आणि हात थांबायला तयार नव्हता.

अडचण जागेची आली. चकती नखाएवढी, पण तिच्या मागचा बोर्ड, त्याची बॅटरी, या सगळ्याला जागा हवी. ती जागा फक्त एकाच ठिकाणी होती, रोल गुंडाळायच्या चक्रांपाशी, हँडलच्या आतल्या बाजूला. दोन दिवस मी त्या चक्रांकडे बघत बसले. मग कानशीने घासून हँडलचा दांडा आतून तोडला आणि चक्रं काढून घेतली. रोलच नाही तर गुंडाळायचं काय, असा साधा हिशोब होता. हँडल बाहेरून तसंच ठेवलं, शोभेला. शटर कायमचं उघडं अडकवून टाकलं, कारण आता ते काम बोर्ड करणार होता. त्या बोर्डाला फोटो काढताना टीं असा आवाज करायची खोड होती, ती मला अण्णांच्या कॅमेऱ्यात शोभेना. तीही तार कापली.

पहिला फोटो उलटा आला. बोर्ड उलटा बसवला होता. दुसरा सुलटा आला, पण शेजारच्या इमारतीवरची पाण्याची टाकी काढायला गेले तर नुसता नळ आला. चकती एवढीशी, आणि भिंग टाकत होतं तळहाताएवढं चित्र. त्यातला मधला तुकडाच तिच्यावर पडायचा. अण्णा जिथून अख्खं कुटुंब फोटोत घ्यायचे, तिथून मला एक कान मिळाला असता. मला त्याचंही काही वाटलं नाही. म्हटलं, लांब उभं राहायचं, एवढंच. मी खूश होते. चार जणींना फोन करून सांगितलं. नवऱ्याला रविवारी भुशी धरणावर घेऊन गेले, थंडीत पाणी ओसरून खडक उघडे पडलेले, आणि तिथे फिरायला आलेल्या पोरापोरींचे फोटो काढले. ती पोरं मोबाईलवर एका जागी शंभर फोटो काढत होती आणि नव्वद पुसत होती. मला मनातून तुच्छता वाटली, की यांना फोटोची किंमत नाही. माझ्या हातात काय होतं, तर त्यांच्याच मोबाईलचा थोरला भाऊ, अण्णांचा कोट घातलेला.

माघ महिन्यात एका सकाळी कॅमेरा घेऊन कामशेतला गेले. आई तयार होऊन बसली होती. शेजारणीकडून केस विंचरून घेतले होते, पोपटी काठाची इरकल नेसली होती. मी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, आणि ती सकाळपासून दोनदा चहा नको म्हणाली होती, ओठ ओले दिसतील म्हणून.

घरात जागा पुरणार नव्हती. मी तिला मागच्या दारी ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं आणि अंगणाच्या टोकाला, शेवग्यापाशी जाऊन उभी राहिले. तिने पदर नीट केला. हनुवटी थोडी वर केली. तीच हनुवटी, जिन्यापुढची.

"कुटं गेलीस गं?" ती म्हणाली.

"इथंच आहे. शेवग्यापाशी."

"एवढी लांब? त्ये तर हितं उभं राहायचे." तिने हाताने समोर दाखवलं, दोन पावलांवर.

"या कॅमेऱ्याला लांबूनच नीट येतो."

तिला ते पटलं नाही, पण तिने हात परत मांडीवर ठेवला. मी मान खाली घातली. वरच्या काचेत आई दिसली. वरचं भिंग जुनंच होतं, तिथे मी काही केलं नव्हतं. अख्खा ओटा, खुर्ची, मागचा दरवाजा, आणि मधे लहानशी आई. कधीपासून तिच्याकडे असं टक लावून बघितलं नव्हतं.

"हां," मी म्हटलं, अण्णांसारखं. "हलू नको... हां."

बटण दाबलं. तो स्वस्तातला बोर्ड दाबल्यावर लगेच फोटो घेत नाही, थोडा वेळ घेतो. मला ते माहीत होतं. आईला माहीत नव्हतं. ती बसून राहिली, हनुवटी वर, अगदी स्थिर. मग तिची मान किंचित कलली. उजवा कान माझ्याकडे झाला. कपाळावर एक बारीक आठी आली. ती थांबली होती. मी काचेतून हे सगळं बघत होते आणि ती कशाची वाट बघते आहे ते मला कळत नव्हतं.

"झालं," मी म्हटलं.

"न्हाई वाजलं," आई म्हणाली.

"काय नाही वाजलं?"

तिने हाताने हँडल फिरवल्यासारखं केलं. मग तिचे खांदे सैल झाले, आणि ती हसली. ते हसू मला अजून दिसतं. कुणावर राग नसलेलं, जुन्या ओळखीचं.

"कोरडाच मारलास व्हय गं?"

मी अंगण ओलांडून तिच्यापाशी गेले. "आई, तुला हा शब्द माहीत होता?"

"मला न्हाई तर कुनाला? फोटू कोन धूत हुतं?" ती म्हणाली. "साऱ्या मावळाची तोंडं माझ्या पान्यात वर आली. माझं न्हाई आलं. पयल्या सालीच कळलं. उजेड पडला, पन कर्र न्हाई वाजलं. मी म्हनलं, इसरले असतील. दुसऱ्या सालीबी न्हाई."

"मग विचारलं नाहीस?"

"इचारलं एकदा. म्हनले, तुझं डोळं मिटलं हुतं."

"आणि तरी दर वर्षी बसायचीस?"

"बोलवायचे म्हनून बसायची." तिने पदर सावरला. "रोल म्हाग हुता, त्येंची तरी काय चूक. घरचं काय, कवाबी काढता येतंय, असं म्हनायचे. त्या काचंत तर मला बघायचे ना? तेवढा येळ दुसरं गिऱ्हाईक न्हाई. म्हनून बसायची. पन दर साली वाटायचं, औंदा वाजंल."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "आई, हा कोरडा नव्हता. खरंच आलाय तुझा फोटो. यात रोल नसतो, म्हणून वाजत नाही. हँडल मीच काढलं आतून."

"काढलंस?"

"जागा लागत होती."

तिने कॅमेरा मागितला. मी तिच्या मांडीवर ठेवला. तिची बोटं सरळ हँडलवर गेली, जणू डोळे असल्यासारखी. तिने ते पुढे फिरवलं. ते नुसतंच फिरलं, ढिलं, आवाज न करता. तिने परत फिरवलं. मग कॅमेरा माझ्याकडे दिला आणि पदराला हात पुसले.

"तू बी अण्णांवानीच निघालीस," ती म्हणाली, आणि आत चहा टाकायला सांगितलं.

ती चिडून म्हणाली असती तर मी भांडले असते. मला भांडता येतं. ती अगदी मायेने म्हणाली, वडिलांच्या वळणावर गेलेल्या मुलीला म्हणतात तसं, आणि मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

मी हट्टाने तो फोटो लोणावळ्यात मोठा छापून घेतला आणि तिच्या हातात नेऊन दिला. तिने कागदावरून तळवा फिरवला, मग नाकाशी धरला. "ह्याला वास न्हाई," म्हणाली. मी तिला सांगत बसले, तू कशी दिसतेस, काठ कसा आलाय, मागे दाराची कडी कशी दिसते. तिने ऐकून घेतलं. "आसंल," म्हणाली. तिला खोटं वाटत होतं असं नाही. पण इतकी वर्षं लोकांना सांगितलेलं तिने ऐकलं होतं, की चांगला आला होता. माझं बोलणंही त्यातलंच एक झालं. तिला पटेल असा पुरावा एकच होता आणि तो मी कानशीने घासून टाकला होता.

त्यानंतर मी वेड्यासारखी मागे लागले. पुण्याच्या जुन्या बाजारात तसलाच एक मोडका कॅमेरा मिळाला, काच फुटलेली, पण चक्रं आणि हँडल धड. चैत्र-वैशाख त्यात गेला. बोर्ड काढला, चकती काढली, शटर मोकळं केलं, त्याची चक्रं याच्यात बसवली. नवऱ्याने न बोलता रोल मागवला होता, तो भरला. आणि हँडल फिरवलं. कर्र. कट्. मी टेबलावर डोकं ठेवून बसून राहिले.

मी जाणार त्या आठवड्यातच आई मोरीत घसरली. मांडीचं हाड मोडलं, डॉक्टरांनी या वयात नको म्हणून ऑपरेशन टाळलं, आणि ती अंथरुणाला खिळली. थोडं सावरल्यावर मी कॅमेरा घेऊन तिच्यापाशी बसले. सगळं सांगितलं. तिच्या कानाशी हँडल फिरवून दाखवलं, रोलमधली एक जागा वाया गेली तरी चालेल म्हणून. तिचा चेहरा उजळला. "त्योच," ती म्हणाली. "आगदी त्योच."

"मग काढू?"

"आता नगं. पडल्याल्या मानसाचा फोटू काढत न्हाईत. मेल्यावर काढत्यात तसला. अण्णा गेलेत तसलं काढायला कितींदा, लोकं बोलवायला यायची, मला ठाव हाय." मी म्हटलं, उशीला टेकवून बसवते. तिने मान हलवली. मी परत एकदा हँडल फिरवलं, तिला बरं वाटेल म्हणून. त्यावर मात्र ती म्हणाली, "नुसतं वाजवून काय उपेग, पोरी? त्ये फोटूच्या पाठी वाजायचं असतं."

ती उठून बसेल म्हणून मी पावसाळाभर वाट बघितली. कॅमेरा तिच्याच डब्यात, तिच्याच तांदळात ठेवला, आणि तो तिथे असतानाच भाद्रपदात ती गेली.

तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो लागतो. मोबाईलमधले खूप होते, नातवंडांच्या वाढदिवसांचे, कुणाच्या तरी खांद्याआडचे. मी तोच लावला, माघातला. अण्णांच्या शेजारी, तिने सांगितलं होतं तिथे. आला चांगला आहे, सगळे म्हणतात. फक्त प्रत्येक जण थोडा वेळ बघून विचारतो, की या समोर का नाही बघत? मान जरा कललेली, कान पुढे, कपाळावर आठी. त्या बोर्डाला उशीर झाला, आणि त्याने नेमका तोच क्षण घेतला. नवरा म्हणाला, "काहीतरी ऐकू यायची वाट बघतायत असं वाटतं." मी त्याला सगळं सांगितलेलं नाही.

यंदाच्या पाडव्याला मी एकटीच कामशेतच्या घरी गेले. कॅमेरा डब्यातून काढला, तांदळाचे दाणे झटकले, काच पुसली. भिंतीवरच्या आईच्या फोटोसमोर उभी राहिले, दोन पावलांवर, अण्णा उभे राहायचे तेवढ्या अंतरावर. मान खाली घातली. काचेत ती आली, यावेळी जवळ, मोठी. "हां," मी म्हटलं, "हलू नको." टिक् झालं. मग मी हँडल पुढे नेऊन मागे आणलं.

कर्र वाजलं, कट्‌ही झालं. मी मान वर करून बघितलं, तर आई अजून तशीच कान देऊन बसली होती.